२४ व्होल्टची बोट, १२ व्होल्टचा रेडिओ : मधल्या टर्मिनलला वायर का लावायची नाही

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाहीत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना काही हिशोब घाईत झाले होते, ते इथे सावकाश मांडलेत. कॅल्क्युलेटर उघडून ताडून बघा.

आजचा प्रश्न आमच्या नायगावच्या कोळीवाड्यातल्या एका पोराने विचारलेला. घरची बोट आहे. प्रश्न असा : "दादा, इंजिनाला दोन बॅटऱ्या आहेत, मिळून चोवीस होतात. रेडिओ बारावर चालतो. मग दोनातल्या एकाच बॅटरीवरून रेडिओ घेतला, तर काय बिघडलं?"

पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही. रेडिओ वाजतो, मोबाइल चार्ज होतो, दिवा लागतो. म्हणूनच ही जोडणी इतकी दिसते. त्रास होतो तो काही आठवड्यांनी, आणि तो रेडिओला होत नाही, इंजिनाला होतो. सेल्फ मारला की नुसता 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही. हे बंदरात झालं तर शेजारच्या बोटीवरून बॅटरी आणता येते. किनारा दिसत नाही अशा पाण्यात झालं तर काय, हे मी सांगायला नको.

आज आपण तीन गोष्टी बघू : मधून वायर घेतल्यावर बॅटरीत नेमकं काय होतं, व्होल्टेज उतरवायचा बरोबर मार्ग कोणता, आणि तो बसवताना कुठे लक्ष द्यायचं.

चोवीस व्होल्ट येतात कुठून?

वसईच्या खाडीत फिरणाऱ्या छोट्या होड्यांना बॅटरी नसतेच, किंवा असली तर १२ व्होल्टची एक. पण नायगाव, खोचिवडे, पाचूबंदर, अर्नाळा इथून खोल पाण्यात जाणाऱ्या मोठ्या बोटींना डिझेल इंजिन लागतं, आणि त्यातली बरीच इंजिनं ट्रकच्या इंजिनांच्याच घराण्यातली. ट्रकला २४ व्होल्ट, म्हणून बोटीलाही २४.

२४ का, तर मोठं इंजिन फिरवायला स्टार्टरला प्रचंड ताकद लागते. ताकद म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच ताकदीला करंट निम्मा पुरतो. करंट निम्मा झाला की वायर बारीक चालते आणि वायरीत वाया जाणारी उष्णता चौपट कमी होते. मोठ्या गाड्या आणि बोटी २४ व्होल्टकडे वळल्या त्या याच हिशोबाने. मोबाइल टॉवरचं सामान ४८ व्होल्टवर चालतं, रेल्वेच्या डब्यांतले दिवे ११० व्होल्ट डीसीवर, त्यामागेही हेच गणित.

आता '२४ व्होल्ट' हे फक्त नाव आहे. लेड-ॲसिड बॅटरीच्या एका सेलचे साधारण २.१ व्होल्ट, एका बॅटरीत सहा सेल. म्हणजे भरलेली, आराम केलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते आणि जोडी २५.४ च्या आसपास. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर तिला २८ ते २८.८ पर्यंत नेतो. सेल्फ मारताना मात्र क्षणभर हेच व्होल्टेज १६-१८ पर्यंत, कधी त्याहूनही खाली कोसळतं. म्हणजे तुमच्या नाजूक उपकरणाला जे व्होल्टेज मिळणार, ते दिवसभरात १६ ते २९ च्या मध्ये कुठेही असू शकतं. हा पल्ला लक्षात ठेवा, पुढे तीनदा लागणार आहे.

आता हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का झाला?

पूर्वी बोटीवर वीज म्हणजे एक-दोन दिवे आणि इंजिनाचा सेल्फ. आता केबिनमध्ये व्हीएचएफ रेडिओ आहे, जीपीएस आहे, मासे दाखवणारा फिश फाइंडर आहे, एलईडी दिवे आहेत, आणि प्रत्येक खलाशाचा मोबाइल आहे. त्यात आणखी एक भर पडली. ३० ऑगस्ट २०२४ ला आपल्याच पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या कार्यक्रमात, पंतप्रधानांनी मासेमारी बोटींसाठी उपग्रहावर चालणाऱ्या ट्रान्सपाँडरच्या देशव्यापी योजनेची सुरुवात केली. तंत्रज्ञान इस्रोचं. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून १ लाख बोटींवर टप्प्याटप्प्याने ही यंत्रं बसवायची योजना आहे, खर्च सुमारे ३६० कोटी. जिथे मोबाइलची रेंज नाही तिथून बोटीवरून किनाऱ्याला आणि किनाऱ्यावरून बोटीला संदेश जावा, हा त्याचा उद्देश.

थोडक्यात, संकटात हाक मारायची साधनं वाढली. पण ती सगळी त्याच दोन बॅटऱ्यांवर जगतात ज्या इंजिन चालू करतात.

एका रात्रीचा हिशोब

एक साधी रात्र धरू, दहा तासांची, इंजिन बंद, बोट नांगरावर.

जीपीएस आणि फिश फाइंडर मिळून १२ वॉट, दहा तास : १२० वॉट-तास.
व्हीएचएफ रेडिओ नुसता ऐकण्याच्या स्थितीत ६ वॉट, दहा तास : ६० वॉट-तास.
एलईडी दिवे १० वॉट, दहा तास : १०० वॉट-तास.
दोन मोबाइल मिळून २० वॉट, तीन तास : ६० वॉट-तास.
एकूण ३४० वॉट-तास.

दोन्ही बॅटऱ्या १०० अँपिअर-तासाच्या आहेत असं धरा. आता हीच रात्र दोन पद्धतींनी काढू.

पद्धत एक, मधून वायर घेतली. सगळा भार खालच्या बॅटरीवर. ३४० भागिले १२ म्हणजे साधारण २८ अँपिअर-तास. सकाळी खालची बॅटरी २८ टक्के रिकामी, वरची भरलेलीच.

पद्धत दोन, पूर्ण २४ व्होल्टवरून कन्व्हर्टरने घेतलं. कन्व्हर्टर १० टक्के खातो असं धरू. ३४० भागिले ०.९ म्हणजे ३७८ वॉट-तास, भागिले २४ म्हणजे १६ अँपिअर-तासाच्या आत. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच, १६ टक्क्यांनी रिकाम्या.

कन्व्हर्टरने स्वतःचा वाटा खाऊनसुद्धा जोडी चांगल्या अवस्थेत राहिली. पण खरी गंमत सकाळी इंजिन चालू झाल्यावर कळते.

मधून घेतलं की बॅटरी का मरते?

दोन्ही बॅटऱ्या एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. सिरीजचा नियम असा की दोघींमधून करंट नेहमी सारखाच जातो. अल्टरनेटरने खालच्या बॅटरीला २८ अँपिअर-तास परत द्यायचे ठरवले, तर तेवढेच वरच्या बॅटरीतूनही जाणार. आणि वरची तर आधीच भरलेली!

भरलेल्या बॅटरीत करंट ढकलत राहिलं की तिचं व्होल्टेज चढतं, १५ च्या वर जातं. साधारण १४.४ च्या पुढे आतल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन बुडबुडे निघायला लागतात, ज्याला आपण 'बॅटरी उकळतेय' म्हणतो. पाणी आटतं, प्लेट उघड्या पडतात, आणि बंद इंजिन रूममध्ये हायड्रोजन साठणं हा वेगळाच धोका.

आता अल्टरनेटरचा रेग्युलेटर काय बघतो? फक्त बेरीज. त्याला २८.४ हवेत. वरची १५.४ वर आणि खालची १३.० वर असली तरी बेरीज २८.४ च येते. त्याला वाटतं सगळं झकास, आणि तो करंट कमी करतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात दहा सर्व्हरची नुसती सरासरी बघत बसलं की त्यातला एक मेलेला कळत नाही, तसंच हे.

खालच्या बॅटरीला मात्र पोटभर कधीच मिळत नाही. रोज रात्री २८ जातात, दिवसा त्यातले थोडेच परत येतात. लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट रिकामी राहिली की तिच्या प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात आणि ते मग चार्जिंगने विरघळत नाहीत. अशा रीतीने एकाच जोडीतली एक बॅटरी जास्त खाऊन मरते, दुसरी उपाशी राहून.

सेल्फ मारताना शेकडो अँपिअरचा करंट दोघींमधून जावा लागतो. एक जरी अशक्त असली तरी ती वाट अडवते. दुसरी कितीही नवी असू दे. म्हणून नुसती एकच बॅटरी नवी आणून जुनीला जोडणं हाही उपाय नाही. बदलायची तर जोडीच, एकाच कंपनीची, एकाच क्षमतेची, एकाच वेळी.

कुणी म्हणेल, मग खालची सोडून वरच्या बॅटरीवरून घेऊ. ते तर जास्तच वाईट. वरच्या बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल इंजिनाच्या तुलनेत १२ व्होल्ट वर असतं. बऱ्याच रेडिओंमध्ये बाहेरची धातूची बॉडी आणि अँटेनाच्या केबलची वरची जाळी आतून निगेटिव्हलाच जोडलेली असते. ती बॉडी किंवा जाळी कुठेही इंजिनाच्या निगेटिव्हला लागली, की खालची अख्खी बॅटरी त्या बारीक वायरीतून शॉर्ट. वायर लाल व्हायला काही सेकंद पुरतात. लाकडी किंवा फायबरच्या बोटीत याचा अर्थ काय होतो, ते कळलंच असेल.

एक अपवाद सांगून ठेवतो. बॅटरी इक्वलायझर नावाचं यंत्र मिळतं, ते दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज सतत सारखं ठेवतं. त्याच्यासोबत मधून थोडा भार घेणं चालतं. पण तेवढ्या पैशात कन्व्हर्टर येतो आणि जोडणी सोपी राहते. लिथियमचा तयार २४ व्होल्टचा पॅक असेल तर त्याला 'मध' असा नसतोच, उघडून शोधायलाही जाऊ नका.

मग व्होल्टेज उतरवायचं कसं?

इथे तीन मार्ग लोक वापरतात, त्यातला एकच कामाचा आहे.

पहिला : लिनिअर रेग्युलेटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ज्यांनी ७८०५ वापरलाय त्यांना आठवेल, तीन पायांची काळी चिप. ती जास्तीचं व्होल्टेज उष्णतेत जाळून टाकते. २४ वरून ५ व्होल्टला १ अँपिअर घ्यायचा तर तुम्हाला ५ वॉट मिळणार आणि १९ वॉट उष्णता होणार. म्हणजे बॅटरीतून निघालेल्या विजेतले ७९ टक्के हवा तापवायला. ब्रेक दाबून धरून गाडी चालवण्यासारखं. एखाद्या सेन्सरला ठीक, मोबाइलला नाही. मध्ये जाड रेझिस्टर किंवा बल्ब लावून व्होल्टेज 'मारायचा' जुना उपाय याहून वाईट, कारण भार बदलला की व्होल्टेजही बदलतं.

दुसरा : इन्व्हर्टर. २४ चे २३० करायचे आणि त्याला घरचा चार्जर लावायचा. दोनदा रूपांतर, दोनदा तोटा. प्रत्येक वेळी १५ टक्के गेले असं धरलं तरी हातात ७२ टक्के येतात. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी बॅटरी खातो. आणि ओल्या डेकवर, ओल्या हातांजवळ २३० व्होल्ट कशाला आणायचे?

तिसरा : स्विचिंग डीसी-डीसी कन्व्हर्टर, ज्याला बक कन्व्हर्टर म्हणतात. बरोबर मार्ग हा.

याची कल्पना सुंदर आहे. आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होतो. स्विच पूर्ण बंद असेल तर करंटच नाही, म्हणून तोटा नाही. पूर्ण चालू असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य, म्हणून तोटा फार थोडा. नळ अर्धवट उघडून पाणी अडवण्याऐवजी नळ पूर्ण उघडायचा-पूर्ण बंद करायचा, पण भराभर. पुढे तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल आणि एक कपॅसिटर. कॉइलला करंट एकदम बदललेला आवडत नाही, त्यामुळे तुकड्या-तुकड्याने आलेली वीज पुढे सलग होऊन बाहेर पडते.

किती वेळ चालू ठेवायचं, तेवढं ठरवलं की व्होल्टेज ठरलं. २४ चे १२ करायचे तर अर्धा वेळ चालू. २४ चे ५ करायचे तर साधारण २१ टक्के वेळ. अल्टरनेटरने २८.४ वर नेलं की कन्व्हर्टर आपोआप १२ साठी ४२ टक्क्यांवर येतो. बाहेरचं व्होल्टेज मोजत राहून तो हे प्रमाण सतत सुधारतो.

यात व्होल्टेज उतरतं तसा करंट वाढतो. १२ व्होल्टला ४ अँपिअर म्हणजे ४८ वॉट हवे असतील, तर १० टक्के तोटा धरूनही बॅटरीतून २४ व्होल्टला २.२ अँपिअरच निघतात. रात्रीच्या हिशोबात १६ अँपिअर-तास आले ते यामुळेच. ४८ किंवा ६० व्होल्टच्या ई-रिक्षात हॉर्न आणि हेडलाइट १२ व्होल्टवर चालतात, तिथेही हाच डबा बसलेला असतो.

विकत घेण्याआधी स्टिकर वाचा

सगळ्यात आधी उपकरणामागचं स्टिकर बघा. काही जीपीएस आणि फिश फाइंडर थेट १० ते ३५ व्होल्टवर चालतात. तसं लिहिलं असेल तर कन्व्हर्टर नकोच, फ्यूज लावा आणि जोडा. '१२ व्होल्ट' एवढंच लिहिलं असेल तर मात्र २४ ला लावायचं नाही. सरकारी योजनेतून बसवलेल्या यंत्राची वायरिंग स्वतः कापायची नाही, ती बसवणाऱ्यालाच विचारायची.

कन्व्हर्टर घेताना या गोष्टी बघा.

आत येणाऱ्या व्होल्टेजचा पल्ला. १६ ते २९ आठवतंय ना? १८ ते ३६ वाला कन्व्हर्टर सेल्फ मारताना बंद पडू शकतो आणि जीपीएस पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. ९ ते ३६ वाला टिकतो. वरची बाजूही महत्त्वाची. चालू इंजिनात बॅटरीची वायर सैल होऊन निघाली तर अल्टरनेटरकडून मोठा झटका येतो. ३० वर संपणारा डबा त्यात जातो.

बाहेरचं व्होल्टेज. बसवून ठेवायचे व्हीएचएफ रेडिओ बहुधा १३.८ व्होल्टसाठी बनवलेले असतात, कारण इंजिन चालू असलेल्या १२ व्होल्टच्या बोटीत तेवढंच मिळतं. १३.८ देणारा कन्व्हर्टर मिळाला तर रेडिओला तोच घ्या.

करंट. ऐकताना रेडिओ अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, पण २५ वॉटवर बोलताना ५ ते ६ अँपिअर ओढतो. कन्व्हर्टर ५ चा घेतला तर ऐकू सगळं येईल आणि बोलायचं बटण दाबलं की रेडिओ बंद. म्हणजे नेमका मदत मागताना. म्हणून १० अँपिअरचा घ्या, तोही 'सतत' १० चा. डब्यावरचा मोठा आकडा बरेचदा काही सेकंदांपुरता असतो आणि इंजिन रूमच्या उष्णतेत तोही टिकत नाही.

बिघडला तर काय होतं. साध्या बक कन्व्हर्टरमधला स्विच जळून आरपार जुळला तर मागचे २४ व्होल्ट थेट रेडिओत. म्हणून जादा व्होल्टेजपासून संरक्षण आहे का, ते विचारा. 'आयसोलेटेड' प्रकारात दोन्ही बाजूंमध्ये थेट तारच नसते. तो महाग, पण सुरक्षित. प्रयोगासाठी मिळणारी उघडी हिरवी-निळी पट्टी टेबलावर ठीक, खाऱ्या हवेत ती किती टिकेल याचा भरवसा नाही. बोटीला रेझिनने पूर्ण भरलेला, पाणी न शिरणारा डबाच लागतो.

मोबाइलसाठी वेगळा, १२-२४ व्होल्ट लिहिलेला यूएसबी सॉकेट घ्या. आत छोटा बक कन्व्हर्टरच असतो. नुसतं '१२ व्होल्ट' लिहिलेला गाडीचा चार्जर लावू नका.

बसवताना

फ्यूज बॅटरीपाशी. फ्यूज उपकरण वाचवायला नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. केबिनमध्ये लावलेला फ्यूज इंजिन रूममध्ये घासून उघड्या पडलेल्या वायरीचं काहीच करू शकत नाही. अमेरिकेत बोटींसाठी जे मानक वापरतात, त्यात बॅटरीपासून ७ इंचांच्या आत हा मूळ नियम आहे. १० अँपिअरच्या कन्व्हर्टरला २४ च्या बाजूने पूर्ण भारात ६ ते ८ अँपिअर लागतात, म्हणजे अडीचची वायर आणि १० चा फ्यूज. गाडीतले पट्टीचे फ्यूज ३२ व्होल्ट डीसीपर्यंत चालतात, ते इथे बरोबर बसतात.

कन्व्हर्टर केबिनमध्ये, रेडिओजवळ. इंजिन रूम ते केबिन ६ मीटर धरा, जाऊन-येऊन १२. दीडच्या तांब्याच्या वायरीत ०.१४ ओहम होतात. १२ व्होल्टची वायर एवढ्या लांब नेली तर रेडिओच्या ६ अँपिअरला ०.८४ व्होल्ट वाटेतच जातात. २४ ची वायर वर नेली तर करंट ४ च्याही आत, उतार अर्धा व्होल्ट, आणि तोही कन्व्हर्टर भरून काढतो. रेडिओला १३.८ च मिळतात.

निगेटिव्हला पण वेगळी वायर. इंजिनाच्या बोल्टला निगेटिव्ह लावून मोकळं व्हायचं नाही. धातूतून फिरणारा करंट खाऱ्या पाण्यात पंख्याला, शाफ्टला खातो.

पिळून टेप गुंडाळलेला जोड चालत नाही. मीठ टेपच्या आत शिरतं, तांबं हिरवं पडतं, जोड तापतो. कथिल चढवलेली वायर, थिंबल दाबून बसवलेली, वर गरम केल्यावर आवळणारी नळी.

रेडिओत खरखर आली तर कन्व्हर्टर अँटेनापासून लांब सरकवा, दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन घ्या, फेराइटचा मणी लावा. कन्व्हर्टर बंद करून, हातातल्या रेडिओवर ऐकून बघा. खरखर गेली तर दोषी सापडला. होकायंत्रापासूनही तो दूरच हवा.

आणि एक मेन स्विच. नुसता जोडून ठेवलेला कन्व्हर्टर काही काम नसतानाही थोडा करंट खातो. २० मिलीअँपिअर धरा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. ०.०२ गुणिले २४ तास गुणिले ६१ म्हणजे २९ अँपिअर-तास. १०० च्या बॅटरीतून जवळजवळ तिसरा हिस्सा, बोट ओढून ठेवलेली असताना. नारळी पौर्णिमेच्या आसपास बोट पाण्यात जायची वेळ येते तेव्हा 'बॅटरी अशीच गेली' म्हणतात, त्यात या न बंद केलेल्या सर्किटांचा वाटा असतो.

जमलं तर याच्याही पुढे जा : दिवे, मोबाइल, रेडिओसाठी वेगळी बॅटरी, इंजिनाची जोडी फक्त इंजिनासाठी. ते परवडत नसेल तर व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की भार तोडणारा छोटा कटआउट तरी लावा.

आज घरी गेल्यावर एवढं करा

तुमच्या बोटीवर मधून वायर घेतली आहे का, आणि घेतली असेल तर नुकसान किती झालंय, हे साध्या मल्टीमीटरने पाच मिनिटांत कळतं.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर, २०० च्या पल्ल्यात. लाल प्रोब व्होल्टच्या भोकात आहे ना ते बघा. '१० अँपिअर'च्या भोकात राहिला तर बॅटरीला लावताच शॉर्ट होईल. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

इंजिन बंद होऊन काही तास झाल्यावर दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. १२.७ आणि १२.६, ठीक. दोघींत ०.२ पेक्षा जास्त फरक, म्हणजे एक मागे पडतेय. मग इंजिन चालू करून तासाभराने पुन्हा मोजा. एकूण २८.४ असेल तर प्रत्येकी १४.२ च्या आसपास यायला हवं. एक १५ च्या वर आणि दुसरी १३ च्या आसपास दिसली, तर वर सांगितलेली गोष्ट तुमच्याच बोटीवर चालू आहे.

तसं असेल तर मधली वायर काढा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडवायचं, मग बाकीचं, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. पाणी कमी झालं असेल तर डिस्टिल्ड वॉटर घाला. दोन्ही बॅटऱ्या किनाऱ्यावर १२ च्या चार्जरने वेगवेगळ्या पूर्ण भरून घ्या, मग पुन्हा जोडा. उपाशी राहिलेली बॅटरी यानेही सुधारली नाही तर जोडी बदलायची वेळ झाली.

ज्याने प्रश्न विचारला त्याला हे आधीच सांगून झालंय. तुमच्या मोजणीचे आकडे आले की पाठवा : तीन व्होल्टेज बंद इंजिनाची, तीन चालू इंजिनाची. पुढच्या भागात त्यातले काही आकडे घेऊन सोलर पॅनल २४ व्होल्टच्या बोटीला कसं जोडायचं ते बघू. भेटू मंडळी!